बिनकार्डाची लेफ्टनंट

पोस्टिंग मिलिटरी हॉस्पिटलला होतं. हुद्दा लेफ्टनंट, काम नर्सिंगचं. वय चोवीस, चेहरा आठवीतल्या पोरीचा. या चेहऱ्याचा मला तेव्हा भारी तोरा होता. अक्कल चेहऱ्याहूनही लहान आहे, हे कळायला ऑगस्टमधली दहा दिवसांची सुट्टी लागली.

सुट्टीत दर्यापूरजवळच्या आमच्या गावी आले. आय-कार्ड कायम अंगावर हवं, असा हुकूम असतो. मी ते ट्रंकेत, साड्यांखाली दडवलं. का, तर त्यातल्या फोटोत मी चाळिशीची दिसत होते आणि मैत्रिणींनी तो पाहिला असता!

तिसऱ्या दिवशी पूर्णा फुगली. अकोल्याहून आर्मीच्या सॅपर जवानांची, म्हणजे इंजिनिअर दलाची, तुकडी बोटी घेऊन आली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी बोटींच्या जागी पोहोचले. दोन वेण्या, पायात आईच्या चपला. गर्दी अडवायला बांधलेल्या दोरापाशी आर्मीचा एक हवालदार वायरलेस घेऊन उभा होता. लोक बोटीत घुसू पाहत होते, एक पोलीस त्यांना मागं रेटत होता.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"कॅज्युअल्टी एक. अपना जवान. टीन से जांघ कटी है. खून रुक नहीं रहा. डॉक्टर भेजो. ओव्हर."

"डॉक्टर दूसरी बोट में है. कपड़ा कसके बांधो. ओव्हर," हवालदाराने कळवलं.

मी पुढे झाले. "हवालदार साब, मी लेफ्टनंट आहे. नर्सिंग ऑफिसर. मुझे भेजो."

त्याने मला वेण्यांपासून चपलांपर्यंत पाहिलं. "आय-कार्ड?"

"घर पे है."

पोलीस हसला. "काहून वं पोरी, शाळेले सुट्टी हाय म्हणून लेफ्टनंट झाली काय?"

हवालदार हसला नाही. "बिना कार्ड, बोट नहीं."

त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

घर दीड किलोमीटर. काळ्या मातीत चपला रुतल्या, तिथेच सोडल्या. आई दारात होती. "कावून धावून राहिली वं?" मी सरळ ट्रंक उघडली. सगळ्या साड्या जमिनीवर फेकल्या.

नऊ पन्नासला परत. हवालदाराने कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सॅल्यूट ठोकला. "बैठिए, मॅडम."

दहा पाचला मी एका छतावर उतरले. जखमी जवान पांढरा पडला होता. सोबत्यांनी टॉवेल बांधला होता, पण जखमेवरच, आणि सैल. मी वर, मांडीच्या मुळाशी पट्टा घातला, काठी घालून पिळला. रक्त थांबलं. बरंचसं आधीच पाण्यात गेलं होतं.

त्याने डोळे उघडले. "बच्ची को क्यों भेजा?" तो सोबत्यांना म्हणाला.

"चूप," मी म्हटलं. "ऑफिसर से ऐसे बात करते हैं?"

त्याला हसू आलं. मिशी दाट, मला तो तिशीचा वाटला.

बोटीतून ट्रक, ट्रकमधून अमरावतीचा रस्ता. माझी दोन बोटं त्याच्या नाडीवर होती. अकरा वीसला, वलगावच्या अलीकडे, नाडी लागेना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मृत्यूचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. कार्डापायी गेलेली चाळीस मिनिटं म्हणजे काय, हे नर्सला सांगावं लागत नाही. फॉर्म भरायला त्याच्या खिशातलं कार्ड काढलं. मेणकापडात नीट गुंडाळलेलं, कोरडं.

सॅपर निर्मल सिंग. वय वीस.