आईंच्या पामला घातलेलं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी बहिणीजवळही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय, देव जाणे.

गोष्ट एका कुंडीची आहे. हसाल तुम्ही — हसा. मीही कितीदा स्वतःला म्हटलंय, अगं बाई, झाडच ते!

आम्ही सालवडला राहतो, तळमजल्यावर. समोरची इमारत इतकी खेटून की हॉलमध्ये ऊन म्हणून शिरत नाही. माझ्या सासूबाई — आई — किनाऱ्याकडच्या गावातल्या, वाडीत राबलेल्या. सासरे गेल्यावर इथे आल्या आणि या अंधाऱ्या घरात त्यांना करमेना. मग ह्यांनी पालघरच्या नर्सरीतून सावलीत जगणारा पाम आणून दिला. झालं! बाई खुलल्या. कारखान्यांची धूळ बसायची, तर ओल्या फडक्याने एकेक पान पुसायच्या, पोराचं तोंड पुसावं तसं. पाणी मात्र रोज घालायच्या नाहीत. मातीत बोट खुपसायचं, आतपर्यंत कोरडं लागलं तरच घालायचं. "माजं बोट सांगतं ना मला," म्हणायच्या. शेजारणी तुळस लावायलासुद्धा त्यांनाच बोलवायच्या. हाताला गुण होता त्यांच्या.

माझ्या नव्हता. मी लावलेला मोगरा वाळला, तेव्हा आई शेजारणींसमोर म्हणाल्या, "आमच्या सुनेला सगलं येतं, झाड तेवढं जगवता येत नाय." सगळ्या हसल्या. मीही हसले. एवढंच. खरंच एवढंच! मला जरा कणकण आली तर कणकेला हात लावू न देणारी ही बाई — मग मला लागलं काय, आणि कुठे? अजून शोधतेय.

दुपारी आई भजनाला गेल्या की मी — कसं सांगू — तांब्याभर पाणी त्या कुंडीत ओतायचे. रोज. स्वतःला सांगायचे, मीही जरा निगा राखतेय. पण मग कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी, आई यायच्या आत, मी फडक्याने का टिपून घेत होते? निगा राखणारं माणूस असं करतं?

आई बोट घालायच्या आणि गोंधळायच्या. "अजून ओलीच कशी?" पाणी न घालता उठायच्या. पानं पिवळी पडत गेली, बुडखा मऊ पडला. शेवटी त्यांनी कुंडी मोरीत उपडी केली. मुळं काळी, कुजलेली. घरभर वास.

"पानी जास्त जालं," आई म्हणाल्या. "पन मी घातलंच नाय रे!"

"विसरली असशील, आई. वय झालं आता," हे म्हणाले. सहज म्हणाले, मनात वाकडं काही नव्हतं.

मी तिथेच तांदूळ निवडत होते. तोंड उघडायचं होतं फक्त. नाही उघडलं. घाबरले होते का? की बरं वाटत होतं? दोन्ही असेल, किंवा तिसरंच काही — मला खरंच सांगता येत नाही. मी तांदूळ निवडत राहिले.

आईंनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तेव्हापासून चहात साखर घातली की मला विचारतात, "घातली ना गं मी?" गॅस बंद करतात आणि परत जाऊन बघतात. पुढे शेजारीण तुळशीचं रोप घेऊन आली, तर आईंनी हात पदराखाली घेतले. म्हणाल्या, "माजा हात बिघडला आता. हिच्याकडनं लावून घे."

मी लावली. आणि काय तरारली मेली! मला आनंद झाला का? झाला थोडा. आता सांगतेच आहे तर तेही सांगते.

हॉलमध्ये आता नवा पाम आहे. पानं आईच पुसतात, पण पाण्याची वेळ आली की मला हाक मारतात. "बघ गं, ओली हाय का?" मी बोट घालते आणि असेल ते खरं सांगते. आई मान डोलावतात, तांब्या उचलतात नाहीतर खाली ठेवतात. स्वतःचं बोट घालून एकदाही बघत नाहीत.