न बदललेले सील

हवाई दलातून सार्जंट म्हणून बाहेर पडल्यावर, पन्नासच्या दशकाच्या मध्यावर, मी सांताक्रूझला एका खासगी विमान कंपनीत ग्राउंड इंजिनिअर झालो. माझ्या हाताखाली जोगेश्वरीचा कॉर्पोरल दत्ताराम परब होता. काश्मीरच्या मोहिमेत आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये होतो. तेथे डकोटा विमानाचे, चाके खाली-वर करणारे हायड्रॉलिक तेल गळू लागले तरी सील, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, बदलायला वेळ नसे. तेल भरायचे आणि विमान सोडायचे. त्याची शाबासकीही मिळे.

ती सवय मी मुलकी नोकरीत आणली. एका दुपारी एका डकोटाच्या चाकांकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीला गळती दिसली.

"सर, सील बदलूया," परब म्हणाला.

मी तेल भरले आणि विमान उड्डाणास योग्य असल्याची सही केली.

दुसऱ्या सकाळी त्याच विमानात आम्ही दोघे वाटेतल्या दुरुस्तीच्या ड्यूटीवर होतो. प्रवासी एकवीस. परतताना, ०९४० वाजता, अंधेरीवर, कॅप्टनने उतरण्यासाठी चाके सोडली. चाके लॉक झाल्याचा हिरवा दिवा लागला नाही. तेलाचे प्रेशर शून्य. चाके लॉक न होता टेकली असती तर दुमडली असती.

"हँड पंप!" कॅप्टन ओरडला.

परबने दांडा ओढला. तेलाची टाकी कोरडी होती. तो प्रवाशांकडे धावला, थर्मास गोळा करून घेऊन आला आणि ते टाकीत रिकामे करू लागला.

"परब, चहा?" कॅप्टनने विचारले.

"बिनसाखरेचो मिळाक नाय, सर."

अकरा मिनिटे तो पंप मारीत होता. दिवा लागला. आम्ही सुखरूप उतरलो.

चौकशीत परब उभा राहिला. "सील बदललं असं मी सरांना सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी सही केली."

मी शेजारीच बसलो होतो. गप्प राहिलो.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुमचं लायसन गेलं तर परत मिळायचं नाय. मी काय, कुठंही पाना फिरवीन."

त्याला काढून टाकले. पुढे त्याला मालवाहू विमानांच्या एका लहान कंपनीत काम मिळाले. विमाने जुनी होती. आठ महिन्यांनी त्यांतले एक धुक्यात डोंगरावर आदळले. परब त्यात होता.

मी जोगेश्वरीला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी एकच विचारले, "भावोजी, तेव्हा चूक ह्यांचीच होती ना?"

मी मान खाली घातली. त्यांनी तो होकार समजला.

वहिनी आता नाहीत. उत्तर मात्र द्यायचे राहिले आहे. कॉर्पोरल दत्ताराम परब यांनी सील बदलायला सांगितले होते. मी ऐकले नाही.