पाच गोष्टींची सोयरीक

नागपूरच्या पलीकडे, सौंसरला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या काकूंचे उपकार आधी सांगतो, बाकीचं मग. त्यांचं नाव लिहायचं नाही, असं त्यांनीच बजावलं आहे. त्या सोयरिकी जुळवतात. कुठेही त्यांचं नाव दिसलं की लोक मुलाचा फोटो घेऊन घरी येतात, आणि आमच्या जिन्यात आधीच चपलांना जागा नाही. तेव्हा नुसतं काकू.

मी सिंधुदुर्गाकडचा. नववीत शाळा सुटली. पुढे एका ठेकेदाराबरोबर बोरगावच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला आलो आणि इथेच राहिलो. इथे मासे बर्फात घालून आणतात. बाजारात त्यांच्याकडे पाहिलं की प्रवासाचा शीण कळतो.

खोकी भरताना मला सिनेमे सुचतात. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. शाळा सोडलेल्या माणसाचं बोलणं लोक शेवटपर्यंत ऐकत नाहीत, मध्येच त्याला काहीतरी काम सांगतात. मला पैसे, नाव वगैरे नको होतं असं म्हणणार नाही. पण त्याच्या आधी एवढंच हवं होतं, की कुणीतरी माझी एक गोष्ट पूर्ण ऐकावी आणि म्हणावं, "लिहा."

मुंबईतली एक लहान कंपनी नव्या लोकांच्या सिनेमाच्या कल्पना फोनवर ऐकते, असं मोबाइलवर वाचलं आणि अर्ज केला. तिथल्या मॅडमचा फोन आला. मी म्हणालो, गोष्ट जबरदस्त आहे. मग म्हणालो, अशी गोष्ट आजवर कुणी पाहिलेली नाही. मग प्रेक्षक कुठे रडतील आणि कुठे शिट्ट्या मारतील ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "छान. पण गोष्ट काय आहे?" तोवर वेळ संपली होती.

बाई भल्या. "अजून एकदा ऐकते," म्हणाल्या, "पण या वेळी पाच कल्पना, पाच प्रकारच्या. एक भयाची, एक रहस्याची, एक प्रेमाची, एक विनोदी, एक विज्ञानाची. येत्या रविवारी. थोडक्यात." ही शेवटची संधी आहे असं त्या बोलल्या नाहीत. मला मात्र ते स्पष्ट ऐकू आलं.

त्या दिवशी मी जेवायला खाली गेलो नाही. काकूच वर आल्या, सोबत तुरीच्या शेंगांचं टोपलं.

"काय झालं, बाबू? तोंड काऊन उतरलं?"

मी सांगितलं.

"तिले जशी सांगतली तशी मले सांग बरं."

मी सांगितली. जबरदस्त, आजवर न पाहिलेली, सगळं. काकू शेंगा सोलत राहिल्या.

"तू त पोट्ट्याची तारीफच करून राहिला," त्या म्हणाल्या. "इतका गुणी पोट्टा असता त आतापर्यंत बिनलग्नाचा काऊन राहिला असता? पोरीवाले हेच विचारतेत."

"मग काय सांगायचं?"

"खोट सांगाची. आधी खोट. पोट्ट्याचे केस चालले, आवाज बायकी हाये, माय जरा खट हाये. पहिल्या चहालेच सांगून टाकाचं. मंग ते लोक सोताच गुण शोधत बसतेत. अन् आपण नाही सांगतलं त पांढुर्ण्याचा कोनी ना कोनी पाहुना सांगतेच."

"माझ्या गोष्टींचे पाहुणे पांढुर्ण्याला नाहीत, काकू."

"तिच्या हापिसात असतीन. आण तुह्या पाची पोरी इकडे. एकेक दाखव."

मी एकेक दाखवली. भयकथा अशी: कारखान्यात रोज पाळी सुटताना एक खोकं जास्त भरतं, आणि त्यावर पत्ता असतो वारलेल्या कामगाराच्या घरचा. काकूंनी विचारलं, भूत कोणत्या गावचं. मी म्हणालो, अजून ठरवलं नाही. "मंग ते येते कुठून?" त्या म्हणाल्या. ही त्या गोष्टीची खोट. रहस्यकथेत अख्ख्या बागेत एकाच झाडाची संत्री दरवर्षी चोरीला जातात. काकूंनी चोर लगेच ओळखला. ही खोट. प्रेमकथेत तिगावच्या स्टेशनवर मुलगी नागपूरच्या गाडीची वाट पाहते, मुलगा समोरच्या फलाटावर इटारसीच्या, आणि दोघं सिनेमाभर बोलत नाहीत.

"बोलत नाही त मायबापाले कसं समजते?"

"समजतच नाही."

"मंग कायची प्रेमकहानी? ते त दोघं प्रवासी हायेत."

विनोदी गोष्टीत लग्नाचा बँड चुकून भलत्याच गावात येतो, वाजवायला लागतो, आणि वाजवणं इतकं चांगलं की गावकरी सांगतच नाहीत. संध्याकाळपर्यंत गावालाच एक लग्न ठरवावं लागतं. मी म्हणालो, खोट ही, की एका दिवसात लग्न ठरतं हे कुणाला पटणार नाही. काकू दुखावल्या. "मी दोन घंट्यात ठरवलं हाये," त्या म्हणाल्या. मी ती खोट बदलली.

पाचवी सांगायला मला संकोच वाटत होता. परग्रहावरचा एक जण सौंसरजवळ उतरतो. त्याचं यान बिघडलेलं. त्याला राहायला खोली हवी, पण आधार कार्ड नाही म्हणून कुणी देत नाही.

"मी देल्ली असती," काकू म्हणाल्या.

"काकू, तो हिरवा आहे."

"तू आला तवा कोन्ता गोरा होता? पुढं?"

शनिवारी त्या मला जामसांवलीला घेऊन गेल्या. तिथला मारुती पहुडलेला आहे. पाच-पाच गोष्टी ऐकवायच्या आहेत म्हटल्यावर ते मला सोयीचं वाटलं नाही. रांग मोठी होती. काकू म्हणाल्या, उभं राहून काय करतं, खोकंवाली सांग, सरावही होऊन जाईन. मी हळू आवाजात सुरू केलं. पुढची एक अनोळखी बाई नारळ धरून पाठमोरी उभी होती. खोक्यावरचा पत्ता आला तशी ती वळली.

"मंग? गेलं का ते खोकं त्याच्या घरी?"

"ते अजून ठरवलेलं नाही," मी म्हणालो.

"अवो माय!" ती काकूंना म्हणाली. "हा तुमचा पोरगा मले रातभर जागवते आता."

"भाडेकरू हाये," काकू म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "पण आमचाच."

रविवारी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर बसलो, कारण फोनची रेंज तिथेच मिळते. सकाळपासून तीनदा तोंड धुतलं होतं. काकू जरा लांब, ऐकत नाही असं दाखवत मिरच्या वाळत घालत होत्या. चार मिरच्या. पुन्हा पुन्हा त्याच.

मॅडम म्हणाल्या, "हं, सुरू करा."

"पहिली भयकथा. यातली खोट आधी सांगतो," मी म्हणालो. "भूत कुठून येतं ते मला माहीत नाही."

मला वाटलं, त्या आता फोन ठेवतील.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "पुढे?"

मी चारही तशाच सांगितल्या. रहस्यातला चोर ओळखू येतो. प्रेमातली माणसं बोलत नाहीत. बँडच्या गोष्टीत नायकच नाही, अख्खं गाव आहे. बँडला त्या हसल्या. पण "लिहा" म्हणाल्या नाहीत. रहस्याला "हं" म्हणाल्या. त्या "हं"चा अर्थ मी अजून लावतो आहे.

मग पाचवी. खोलीपर्यंत सांगितली. "यात सगळ्यात मोठी खोट आहे," मी म्हणालो. "शेवटी त्याचं यान दुरुस्त होतं. तरी तो जात नाही. सिनेमात असं चालत नाही, हे मला माहीत आहे."

"का जात नाही?"

हे कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. काकू आता उघडउघड ऐकत होत्या.

"घरमालकीण ताट वाढून बसलेली असते," मी म्हणालो. "तिला न सांगता कसं जायचं? आणि सांगायला गेला तर ती म्हणते, आधी जेव. असं रोज होतं."

मॅडम म्हणाल्या, "त्याचं घर कसं आहे, तिथे कुणी वाट बघतं का, ते येऊ द्या आत. पाहिजे तर समुद्र दाखवा." समुद्राचं मी काहीच बोललो नव्हतो; गाव फक्त अर्जात लिहिलं होतं. "बाकीच्या चार राहू द्या. ही लिहा."

मी "हो" म्हणालो. नंतर बहुतेक "नमस्कार" म्हणालो. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. काकू मिरच्या सोडून आल्या.

"काय म्हने?"

"लिहा, म्हणाल्या."

"होकार झाला का मंग?"

"अर्धा."

"पसंती झाली," काकूंनी निकाल दिला. "चाल, भरीत थंडं होऊन राहिलं."

दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याहून एक साडी आणली. जुळवणाऱ्या बाईला साडी नेसवायची इथली रीत आहे, हे मी इतक्या दिवसांत पाहिलं होतं. काकूंनी पिशवी उघडली, पदर पाहिला, रंग चांगला आहे म्हणाल्या आणि साडी पुन्हा पिशवीत घातली.

"लगन झालं का?"

"नाही."

"मंग? पसंतीची साडी मी कोनाचीच घेत नाही, बाबू. पसंत्या किती मोडतेत. पोरगी मांडवात उभी राहिली का मंग आण."

साडी माझ्या पेटीत आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून. लिहिणं चालू आहे. पाळी सुटली की बसतो. तो अजून जेवतोच आहे आणि यान बाहेर उभं आहे. पुढे काय होईल याची मला रोज भीती वाटते. मॅडमचं मन बदलेल, कंपनी बंद पडेल, मला शेवट सुचणार नाही. पण सिनेमा होईल तेव्हा, कुठल्याही गावात, कितीही लहान पडद्यावर, काकूंना पहिल्या रांगेत बसवीन आणि दिवे जायच्या आत सगळ्यांसमोर ही साडी त्यांच्या हातात देईन. तेव्हा त्यांनी नाही म्हणायचं नाही. हे त्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "पाहू. आधी जेव."