रानडुक्कर मारल्याशिवाय

पोंभुर्ण्याकडच्या एका शाळेत आम्ही दोघंच मास्तर, राहायलाही एकाच खोलीत. मी गणित शिकवायचो, तो इतिहास. आमच्या पोरांनी उभ्या जन्मात घोडा पाहिला नव्हता, पण प्राचीन मॅसिडोनियाच्या राजाचे स्वार त्यांना तोंडपाठ! मोठ्या घराण्यांतले निवडक लोक. रिकिबीशिवाय घोडा फेकायचे, लढाईत राजाच्या बाजूला आणि जेवताना त्याच्या पंगतीला. त्यांना नावच होतं, राजाचे सोबती. त्यांच्यात ज्यानं जाळं न लावता भाल्यानं रानडुक्कर मारलं, त्यानंच म्हणे कोपरावर रेलून, आडवं होऊन जेवायचं. बाकीच्यांनी ताठ बसून.

झालं, हे आमच्या इतिहासाच्या मास्तराच्या अंगातच शिरलं. एकदा धानाच्या बांधीतून त्यानं डबा बडवून एक डुक्कर हाकललं होतं. तेवढ्या भांडवलावर गडी रोज पोत्याला रेलून भात खायचा. जवसाची चटणी सदऱ्यावर सांडायची. मी मांडी घालून बसायचो आणि चिडायचो.

"तू डुक्कर मारलं नाई," तो म्हणायचा. "बस ताठ."

तीन वर्षं हे चाललं. मग एका उन्हाळ्यात त्याची सिरोंच्याला बदली झाली. त्यानंच मागून घेतली होती. आई तिकडे एकटी होती. कारण खरं होतं, पण मला आधी सांगितलं नाही, हे माझ्या जिव्हारी लागलं. आठ दिवस मी कामापुरतंच बोललो.

निघायच्या सकाळी त्यानं दोन ताटं वाढली. आपल्या पोत्याशेजारी दुसरं पोतं ठेवून थोपटलं.

"ये, आज तूबी आडवा हो."

"मी डुक्कर मारलं नाई."

"काऊन रुसून राह्यला बे? मी सांगून राह्यलो ना तुले."

मी ताठच बसलो. मग तोही उठला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. आम्ही जेवलो. बैलबंडी आली आणि तो गेला.

त्याची दोन पत्रं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं, 'इथं तुझ्यासाठी पोतं ठेवलं आहे.' दिवाळीला जाऊ, उन्हाळ्यात जाऊ, असं मी म्हणत राहिलो. शेवटी तो वारल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं.

आता घरात कुणी नसलं की मी ताट घेऊन आडवा होतो. चटणी सदऱ्यावर सांडते. ताठ बस म्हणणारं कुणी नाही.