मान खिडकीकडे, डोळे वर्गाकडे

मोठ्या टीचर शिकवायला लागल्या की नव्या पोरांना वाटायचं, बाई खिडकीबाहेरच्या केळींशी बोलताहेत. चेहरा पूर्ण डावीकडे वळलेला आणि नजर मात्र थेट वर्गावर. मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं की त्या म्हणायच्या, "मान तिकडे आहे, बाबा. डोळे तुझ्याकडेच आहेत."

मी सांगलीहून लग्न करून वसईत आले आणि त्यांच्या शाळेत मराठी शिकवू लागले, ती नव्वदीची सुरुवात होती. त्यांच्याच आडनावाच्या आणखी एक टीचर शाळेत होत्या, म्हणून या मोठ्या. राहायच्या वसईतल्याच होळी नावाच्या भागात, नवरा भाजीची वाडी बघायचा, त्या विज्ञान शिकवायच्या आणि लुनावरून सगळीकडे फिरायच्या. एकदा कामणहून परतताना ट्रकला वाट देण्याच्या नादात लुना घसरली आणि त्यांचं डोकं आपटलं. शुद्धीवर आल्या तेव्हा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता, बाहेरच्या बाजूला सरकतच नव्हता. डावीकडे बघितलं की एका माणसाची दोन माणसं दिसत.

हेडमास्तर म्हणाले, वर्षभर लायब्ररी सांभाळा. टीचरांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावली. "एका फळ्याचे दोन दिसतात ना, मग एक डोळा झाकते. शिकवणं कशाला झाकू?" असं म्हणून त्या दहावीच्या वर्गात गेल्या.

पोरं आपल्याला तिरळी म्हणून हसतात हे कानावर आल्यावर त्यांनी प्रयोगशाळेतली कवटी वर्गात आणली आणि तिच्यात लाल लोकरीचा धागा ओवला. "ही सहावी नस. मेंदूच्या खोडातून निघते, कवटीच्या तळाशी हाडावरून चढते, वळते आणि डोळ्याच्या खोबणीत शिरते. एवढी पायपीट करून काम एकच, डोळा बाहेर ओढणारा स्नायू हलवायचा." मार, मधुमेह, रक्तदाब, गाठ, कशानेही ती दुखावते, हेही त्यांनी सांगितलं. "आणि डोक्यात कुठेही दाब वाढला तरी ताण हिच्यावर येऊ शकतो. दोष दुसरीकडे, शिक्षा हिला."

सहा महिन्यांत डोळा थोडा सुधारला. उरलेल्यासाठी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. टीचर म्हणाल्या, "मान वळवली की एकच दिसतं. मान कुठे मोडलीय?"

पुढे दोन-तीन वर्षांनी नववीतली सुनंदा मान तिरकी करून फळ्याकडे बघू लागली. जवळच्या किनाऱ्यावरच्या कळंबची पोर, बाप मासेमारीला जाणारा. मुलं म्हणाली, ही टीचरांची नक्कल करते. टीचरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि समोर बोट धरून सावकाश बाजूला नेलं. पोरीचा उजवा डोळा मध्येच अडला.

"डोकं दुखतं?"

"सकाली लय दुखतं. उलटी पन होते."

टीचर उठल्याच. मला म्हणाल्या, "तुझे तास कुणाला तरी दे. चल."

कळंबला सुनंदाची आई अंगणात मासे वाळत घालत होती. "चष्मा लागला असंल, बाई. हिचा बाप दर्यात गेलाय. तो येऊ दे, मंग बघू."

"दर्या थांबेल, हे थांबणार नाही," टीचर म्हणाल्या. "आजच निघायचं."

वसईच्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, आत सूज दिसली. त्यांनी मुंबईला पाठवलं. तिथे कळलं, मेंदूतल्या पाण्याची वाट अडलीय, नळी घालावी लागेल. आईचा हात सहीला धजेना. "पोर वाचंल ना, बाई?" टीचर म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण घरी नेलीस तर काय होईल ते मला दिसतंय." आईने सही केली.

सुनंदा वाचली. डोळाही हळूहळू सरळ झाला.

बाप मात्र किनाऱ्याला लागल्या लागल्या शाळेत आला. "माझ्या पोरीचं डोकं फोडायला तुमाला कुनी सांगितलं?" अख्खी शाळा ऐकत होती. हेडमास्तर त्याला बाहेर काढायला निघाले, तर टीचरांनी त्यांनाच अडवलं. "बोलू दे त्याला. त्याला न विचारता मी नेली, हे खरंच आहे." तो बोलून दमला तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने तो घेतला नाही. पुढे पोर बारावी झाली, नोकरीला लागली, तरी तो टीचरांशी कधी बोलला नाही. मला फार राग यायचा. टीचर म्हणायच्या, "पोर शाळेत येते ना? मग झालं."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी टीचर गेल्या. पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा दर्यात लोटायचे दिवस होते, तरी कळंबचा तो माणूस चर्चच्या दारात आमच्या आधी उभा होता. प्रार्थना संपल्यावर तो कुणाला न विचारता पुढे झाला आणि शवपेटीखाली खांदा दिला. दफनभूमीपर्यंतच्या वाटेत लोक खांदा बदलायला येत होते. बाकीचे बदलले. त्याने कुणालाच जागा दिली नाही.