दिवाळीनंतरची गृहचौकशी

त्या मुलीच्या घरी मी चुकीच्या महिन्यात गेलो आणि तिची डॉक्टरकीची जागा जायची वेळ आली. निवृत्त होऊनही तो प्रसंग मनातून गेलेला नाही.

तेव्हा मी जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकात होतो. धरणाकाठच्या माले गावातल्या एका धनगर मुलीला भटक्या जमातींच्या राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. गावातल्याच एकाने फोनवर खबर दिली, "कसले धनगर? दारात एक मेंढरू न्हाई."

पौषात मी चौकशीला गेलो. धरणावरून धुकं येत होतं, घर त्यात तरंगल्यासारखं दिसत होतं. दारात मुलगी आणि तिची चुलती. मेंढ्या खरंच नव्हत्या.

"कोकणात गेलीत, आण्णासंगं," मुलगी म्हणाली. आण्णा म्हणजे तिचे वडील.

"लोकर कातरता येते?"

"न्हाई. मी नेऱ्याला आत्याकडं राहून शाळा शिकले."

चुलती फणकारली, "डॉक्टरकीला मेंढरं कातराय लावत्यात व्हय, सायेब?"

मुलगी खाली बघत राहिली. पोलीस ठाण्यात आयुष्य गेल्यामुळे गप्प बसणारा माणूस मला खोटाच वाटे. 'पारंपरिक व्यवसायाशी संबंध आढळत नाही,' असा अहवाल मी दिला.

सुनावणीत एक सदस्य म्हणाले, "जी ते जगणं जगलीच नाही, तिला सवलत कशाला?" तिचे वकील म्हणाले, "चार बुकं शिकली म्हणून जात सुटते का?" वाद मिटेना. वडिलांचा जबाब झालेला नव्हता, म्हणून फेरचौकशीचा आदेश झाला.

वैशाख सरता सरता मी ताम्हिणी घाटात कोकणातून परतणाऱ्या तिच्या वडिलांची वाट पाहत उभा राहिलो. ढग रस्त्यावर उतरले होते. आधी घंटा ऐकू आल्या, मग ढगातूनच सुटल्यासारख्या मेंढ्या. किती तरी वेळ त्या माझ्या दोन्ही अंगांनी वाहत होत्या. मी कुठे आहे, कशाला आलोय, याचाच विसर पडला. मग घोंगडी घेतलेले तिचे वडील समोर आले.

माझा पहिला अहवाल ऐकून ते हसले. "दिवाळीनंतर धनगराच्या दारात मेंढरं बघाय गेलात व्हय?" मग हसू मावळलं. "आन् तिला कातराय येत न्हाई म्हणून लिव्हलंत? येऊ नये म्हणूनच तिला बहिणीकडं ठिवली, सायेब."

आमची गृहचौकशी घरी सापडणाऱ्यांसाठी असते. चालत राहणारी माणसं तिला दिसतच नाहीत. हे मला त्या घाटात कळलं.

पुढच्या सुनावणीत माझा पहिला अहवाल चुकीचा असल्याचं मी सांगितलं. तिचा दावा वैध ठरला. बाहेर बापलेक उभे होते. मी मुलीपुढे गेलो. "पोरी, तुझी माणसं परत येईपर्यंत मी थांबायला हवं होतं. माझं चुकलं. मला माफ कर."