शुभाला हवेची भीती वाटायची

शुभाच्या आईचा, काकींचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात मेथी घेत होते. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि त्यावरूनच मला कळलं, शुभा गेली. आदल्या संध्याकाळी मी शुभाला हॉस्पिटलात भेटून आले होते. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरासा उचलून ती म्हणाली होती, "मेधा, मी घाबरलेय गं..." मी काहीतरी धीराचं बोलले. पण शेवटी तिनंच माझे हात धरून ठेवले. त्याला आता दीड महिना होईल.

शुभा आणि मी दिंडोशीच्या एकाच कॉलनीत वाढलो. तिचे वडील गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. काकी आजही मालवणीतच बोलतात. पुढे आम्ही दोघी अंधेरीच्या एकाच संशोधन संस्थेत लागलो. मी तळमजल्यावर, झिजलेल्या सांध्यांसाठी कूर्चेच्या, म्हणजे हाडांमधल्या मऊ गादीच्या पेशी वाढवते. शुभा वरच्या मजल्यावर होती. बंद पेटीत विषाणूचे अतिसूक्ष्म तुषार सोडायचे आणि मुंबईच्या दमट हवेत ते कुठवर तग धरतात ते बघायचं, हे तिचं काम. साथीच्या सुरुवातीला अख्खी सोसायटी भाज्या साबणानं धूत होती, तेव्हा ही गॅलरीतून ओरडायची, "अरे, भाज्या सोडा, खिडक्या उघडा! ते हवेतून येतंय!" लोक हसायचे. कॉलनीतली माणसं एकेक करून जायला लागली, तेव्हा हसणं थांबलं.

त्याच काळातली एक दुपार. तिच्या प्रयोगाच्या खोलीतली हवा बाहेर निसटू नये म्हणून पंखे ती सतत आत खेचून गाळत असायचे. त्या दुपारी ते पंखे अचानक बंद पडले. मी नेमकी तिला जेवायला बोलवायला वर गेले होते. काचेच्या दाराच्या वर लाल दिवा पेटला. आत शुभा, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये. पेटीचं झाकण तिनं नुकतंच उघडलं होतं. मी हँडलवर हात ठेवला, तर भिंतीवरच्या फोनमधून तिचा आवाज आला.

"हात काढ, मेधा."

"शुभे, बाहेर ये ना! वेडी आहेस का?"

"दार उघडलं तर हवा तुझ्याकडे येईल. पंखे सुरू होईपर्यंत मी इथंच."

तिनं झाकण घट्ट लावलं आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. काचेतून मला तिची छाती वरखाली होताना दिसत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "बोलत राहा ना यार. काहीही बोल. मला माझाच श्वास ऐकू येतोय." मग मी बोलत सुटले. मुलाचा ऑनलाइन अभ्यास, सासूबाईंचा पापलेटचा हट्ट, काय वाटेल ते... बोलता बोलता माझी जीभ कोरडी पडली होती. शेवटी पंखे घरघरले आणि ती तिथंच मटकन खाली बसली. तिला काही झालं नाही. पुढे कितीतरी दिवस तिच्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या.

पण भीती आत शिरली ती शिरलीच. सांताक्रूझला माझ्या भाच्याच्या लग्नात ही हॉलच्या दारात उभी राहिली, आत आलीच नाही. लिफ्टमध्ये कुणी खोकलं, की पुढच्याच मजल्यावर उतरायची. नोकरी मात्र सोडली नाही. "मी सोडलं तर दुसरं कुणीतरी त्या खोलीत जाईल ना," म्हणाली. रोज दाराशी काही क्षण थांबायची, आणि मग आत जायची.

गेल्या वर्षी वर्सोव्याच्या जेट्टीवर शेवाळावरून घसरून तिच्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. तिच्याच गुडघ्यातला कणभर तुकडा काढून त्याच्या पेशी मी वाढवल्या आणि नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या. ऑपरेशन ठरेल तेव्हा त्या तिच्याच गुडघ्यात परत घालायच्या होत्या. भूल देताना घशात नळी घालतात या धास्तीनं ती तारीख ढकलत राहिली. अखेर तयार झाली, आणि त्याच आठवड्यात ताप आला. साधा फ्लू. कुठल्या खोलीत, कुणाच्या श्वासातून आला, हे ज्या बाईला शोधून काढता आलं असतं, तीच शेवटच्या रात्री व्हेंटिलेटरवर गेली.

त्या पेशींचं काय करायचं, हे काकींना विचारणं भाग होतं. आठवडाभर मला फोन करायचा धीर होत नव्हता. शेवटी विचारलं, तर दुसऱ्याच दिवशी त्या अंधेरीला आल्या.

"माझ्या चेडवाचा कायतरी जित्ता आसा म्हणतंस तुझ्याकडे. खरा?"

"खरं आहे, काकी. त्या पेशी टाकून देता येतील, नाहीतर त्यांच्यावर पुढचं शिकता येईल. दुसऱ्या कुणाला नाही घालता येत."

"आधी माका दाखव."

त्यांना सकाळी परत यायला सांगून मी गोठलेली कुपी कोमट पाण्यात धरली आणि पेशी छोट्या बशीत सोडल्या. पेशी मेलेल्या निघाल्या, तर या बाईला मुलगी गेल्याचं दुसऱ्यांदा ऐकावं लागणार होतं. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी काकींच्या आधी मी एकटीच मायक्रोस्कोपशी गेले, आणि डोळा लावायचं धाडस होईना... मग लावला. बशीच्या तळाला घट्ट धरून त्या पसरायला लागल्या होत्या.

काकी आल्या. चष्मा काढून त्यांनी डोळा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हालत नाय गो?"

"हलतात, काकी. पण फार हळू. असं बघून नाही कळत."

त्यांनी डोळा न काढताच पायानं स्टूल जवळ ओढलं.

"मगे थांबतंय मी," त्या म्हणाल्या.